फंडीची भरती

शोभनाने पाठवलेले दोन फोटो अनुपमाने डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि नवऱ्याला हाक मारली. "सुरेश, इकडे ये. या दोन्हींत फरक सांग."

सुरेश नुकताच दुबईतल्या अल क्वोजहून आला होता. एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रॉडक्शन बघायचा, आणि शारजाचा ट्रॅफिक ओलांडून अजमानला घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगात बोलायचंही त्राण उरत नसे. बूट काढता काढताच त्याने मान वाकडी करून पाहिलं. पहिल्या फोटोत लाकडी धक्का होता आणि त्याला खेटून चार मच्छीमार बोटी पाण्यावर डुलत होत्या. दुसऱ्या फोटोतही तोच धक्का, पण आता तो काटकुळ्या उंच पायांवर उभा होता आणि त्याच चार बोटी खोल खाली, लाल चिखलात कुशीवर पडल्या होत्या.

"दुष्काळ पडला की काय तिकडे?"

"अरे, एकाच दिवसाचे फोटो आहेत! एक सकाळचा, एक दुपारचा."

सुरेशने बूट तसाच हातात धरला आणि फोटो पुन्हा पाहिले.

शोभना म्हणजे अनुपमाची शारजाच्या शाळेतली मैत्रीण. दोघी एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसायच्या. शोभना मराठी-हिंदी शिकवायची, अनुपमा भूगोल. गेल्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, शोभना नवऱ्यामागे कॅनडाला गेली. सगळे टोरांटोला जातात, ही गेली पार पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियाला. ते नाव ऐकून स्टाफरूममधल्या निम्म्या बायकांनी ते कुठल्याशा बिस्किटाचं असावं असा चेहरा केला होता.

शुक्रवारी तिचा फोन आला. हवापाणी, मुलंबाळं वगैरे काही नाही, थेट सुरुवात.

"फोटो मिळाले? अगं अनु, इथला समुद्र येत नाही, चढतो! मी धक्क्यावर उभी होते. खाली लोक चिखलात शिंपले वेचत होते. घरी जाऊन जेवून, एक झोप काढून परत आले, तर ते उभे होते तिथे पाच मजली बिल्डिंग बुडेल एवढं पाणी!"

"पाच मजली? शोभना, नीट सांग, पाच फूट की पाच मजले?"

"मजले गं बाई, मजले! आणि नद्या उलट्या वाहतात. भरतीची लाट नदीत शिरते आणि सगळं पाणी डोंगराकडे तोंड करून पळत सुटतं. माझा विश्वास बसेना, म्हणून मी पुलावर उभी राहून एक काठी टाकली. काठी डोंगराकडे गेली!"

फोन ठेवल्यावर अनुपमा गॅलरीत गेली. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. खाली पार्किंगमध्ये कोणी पाण्याच्या पाइपने गाडी धूत होतं, पलीकडे किराणा दुकानाची पाटी, आणि दोन इमारतींच्या फटीतून अजमानचा समुद्र दिसत होता, परातीत ओतून ठेवल्यासारखा गप्प. तिने कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथपर्यंत. दिवसातून दोनदा."

सुरेश मागे येऊन उभा राहिला होता. त्याने खाली वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडून नुसतं "बाप रे" निघालं.

बारा वर्षं ती भरती-ओहोटी शिकवत होती. चंद्र, सूर्य, पृथ्वी, तीन वर्तुळं आणि चार बाण. मुलं बाण काढायची, मार्क मिळवायची, विसरून जायची. आपण तरी वेगळं काय केलं, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि रात्री जेवताना तिने दोनदा डाळीऐवजी ताक वाढलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शनाची मीटिंग होती. आसपासच्या सगळ्या भारतीय शाळा यायच्या. हॉल नेहमी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीला. भूगोलाला बाहेरच्या पॅसेजची भिंत, चार्ट लावायला. फिजिक्सचे हेड वासुदेव सर यादी वाचत होते. माणूस वाईट नव्हता, पण तीस वर्षं नियम शिकवून स्वतःच एक नियम झाला होता.

"सर, यंदा मला हॉलमध्ये टेबल हवंय," अनुपमा म्हणाली. "वर्किंग मॉडेल आहे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "जिओग्राफीमध्ये वर्किंग? मिसेस गुप्ते, माउंटन्स डोन्ट वर्क."

स्टाफरूम हसली. अनुपमाही हसली, पण तिचे कान तापले.

"डोंगर नाही करत, सर. माझा समुद्र करेल."

"ओके," सर म्हणाले. "कोपऱ्यातलं टेबल तुमचं. पण हललं नाही, तर परत पॅसेजमध्ये."

हे सगळं ती बोलून बसली तेव्हा समुद्र कसा हलवायचा याची तिला काडीचीही कल्पना नव्हती.

घरी तिने नववीतल्या मुलीला, मैथिलीला, फोटो दाखवले. मैथिली शारजात जन्मलेली. आईबाबा मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, आणि या व्यवस्थेत कोणालाही काही अडचण वाटत नसे.

"बट आई, मून इज द सेम एव्हरीव्हेअर. मग तिथेच का?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर पुस्तकात एका ओळीत होतं. शोभना राहते तिथल्या फंडीच्या उपसागराची लांबी आणि खोली अशी काही आहे की, त्यात एकदा हललेलं पाणी टोकापर्यंत जाऊन परत यायला जवळजवळ दोन भरत्यांमधल्या काळाइतकाच वेळ घेतं. म्हणजे पाणी परत येतं तोच महासागर मागून पुढचा धक्का देतो.

"झोक्यासारखं," अनुपमा म्हणाली. "झोका परत आला की नेमका त्याच क्षणी धक्का द्यायचा. जोर थोडाच लागतो, पण झोका चढतच जातो."

मैथिलीने क्षणभर विचार केला. "लाइक द बाथटब?"

"कसला बाथटब?"

"व्हेन आय वॉज स्मॉल. मी पुढेमागे व्हायचे आणि पाणी बाहेर यायचं. तू ओरडायचीस."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघीही बाथरूमकडे धावल्या. टबमध्ये रचलेल्या बादल्या, पाट, धुण्याचा साबण सगळं बाहेर काढलं, नळ सोडला. अनुपमाने पोळपाट आणला आणि एका टोकाला पाण्यात उभा धरून ढकलायला लागली. आधी नुसती खळबळ. भराभर ढकललं तर पाणी वेडंवाकडं उडायचं, सावकाश ढकललं तर ढिम्म.

"वेट फॉर इट, आई. येऊ दे परत... आता! आता! पुश!"

चारपाच वेळा ताल जमला आणि टबातलं पाणी एकदम एकसंध झालं. या टोकाला उतरलं की त्या टोकाला चढायचं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर, आणि अनुपमाच्या हाताला तर काहीच जोर लागत नव्हता. सहाव्या की सातव्या धक्क्याला पाणी पलीकडची कड ओलांडून धप्पकन भिंतीवर गेलं, टॉवेल भिजला, आरशावर शिंतोडे उडाले आणि मैथिली किंचाळली. सुरेश धावत आला तेव्हा मायलेकी गुडघाभर भिजून हसत होत्या.

"काय चाललंय काय?"

"फंडी!" दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे ते घर घर राहिलं नाही. सुरेशने कारखान्यातल्या भंगारातून पत्रा आणला, कापून, वाकवून, झाळून एक लांब ट्रे केला. एका टोकाला परातीएवढा रुंद, तो अटलांटिक. तिथून निमुळता होत गेलेला लांब गळा, तो फंडीचा उपसागर. आणि अगदी शेवटी हाताच्या पंजासारखी उथळ पसरट जागा, मायनस बेसिन. हा ट्रे हॉलमधल्या सोफ्याच्या जागी आला, सोफा मैथिलीच्या खोलीत गेला आणि मैथिली सोफ्यावर झोपायला लागली.

मग जमीन घडवायची होती. अनुपमाने ॲटलास उघडला, प्लास्टर कालवलं. नकाशात नोव्हा स्कोशिया एखाद्या शेवंडासारखी दिसते. समुद्रात पडलेली, आणि कॅनडाच्या मुख्य जमिनीला एका बारीकशा मानेने कशीबशी धरून ठेवलेली. ती मान करताना प्लास्टर तीनदा तुटलं. महासागराच्या बाजूला तिने काळे गुळगुळीत खडक लावले, त्यांच्यावर छोटं दीपगृह. मधे अननसाच्या शेंड्यासारखी टोकदार सूचिपर्णी झाडं, ती मैथिलीने भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याची कातरली. ईशान्येला केप ब्रेटनची उंच पठारं. उपसागराच्या अंगाला सफरचंदांच्या बागांची लांबट दरी, तिच्यापुढे समुद्र अडवणारे मातीचे बांध, आणि दरीच्या टोकाला ब्लॉमिडनचा लाल कडा. लाल रंग काही केल्या जमेना. शेवटी तिने रंगात चिमूटभर हळद आणि मसाल्याचं तिखट घातलं. कडा जमला, आणि दोन दिवस घरभर शिंका चालल्या.

अडचण मोटरची होती. अटलांटिकच्या टोकाला एक फळी सावकाश पुढेमागे हलायला हवी होती, आणि पंख्याच्या, मिक्सरच्या सगळ्या मोटरा भिरभिरत. सुरेश तिला तय्यबच्या दुकानात घेऊन गेला. तय्यब पेशावरचा, अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात हॉटेलांची यंत्रं दुरुस्त करायचा. अनुपमाने त्याला हिंदीत सगळं समजावलं. त्याने दाढी कुरवाळत ऐकलं आणि मांडणीवरून एक तेलकट मोटर काढली.

"बाजी, ये शवर्मे का गोश्त घुमाता है. इससे आहिस्ता इस मुल्क में कुछ नहीं चलता."

त्याने तिला एक लहान आणि एक मोठं चाक जोडून दिलं, सळई बसवली. फळी एका लांब श्वासाएवढ्या वेळात जायची आणि तेवढ्याच वेळात परत यायची.

"चलेगा?" अनुपमाने विचारलं.

"इन्शाल्ला," तय्यब म्हणाला. "चला तो मुझे भी दिखाना. समंदर मैंने भी बहुत देखा, चढता हुआ नहीं देखा."

शुक्रवारी सकाळी पाणी भरून मोटर लावली. फळी झुलली. अटलांटिक हलला. मायनस बेसिनमध्ये पाणी नुसतं थरथरलं, चहाच्या कपाला धक्का लागल्यावर थरथरतं तेवढंच.

तासभर तिघं वाकून बघत राहिली. सुरेशने फळी पुढे सरकवली, मागे सरकवली. मैथिलीने सळई वर बांधली. काही नाही. अनुपमाला डोळ्यांसमोर पॅसेजची भिंत दिसू लागली.

"मोटरचा वेग बदलता येणार नाही," सुरेश म्हणाला. "आणि ट्रे आता कापता येणार नाही. प्रदर्शन गुरुवारी आहे, अनु."

"खलास," मैथिली म्हणाली आणि प्लास्टिकचा मग घेऊन ट्रेमधलं पाणी बादलीत काढू लागली. कोणी मोटर बंद केली नव्हती. अनुपमा स्वयंपाकघरात निघाली होती.

"आई." मग पुन्हा, वेगळ्याच आवाजात, "आई, कम हिअर! आई, लुक!"

मायनस बेसिनचं पाणी हललं होतं. थरथर नव्हे. ते पूर्ण मागे गेलं, तळाचा लाल रंग उघडा पडला, मग ते परत आलं आणि कड्याच्या पायाला लागलं. मैथिलीने आणखी एक मग काढला. पाणी आणखी मागे गेलं, आणखी वर आलं.

अनुपमाच्या डोक्यात लख्ख पडलं. "खोली! अगं, पाणी उथळ झालं की हळू जातं. आपण मोटरच्या मागे लागलो होतो, बदलायचं होतं पाणी! काढ अजून. हळूहळू. अर्धाच मग. थांब... थांब! बास!"

आता फंडी जागी झाली होती. अटलांटिकच्या टोकाला पाणी जेमतेम बोटभर हलत होतं, आणि दुसऱ्या टोकाला ते चार बोटं चढत होतं, कड्यावरून, बांधांवरून, मैथिलीने ठेवलेल्या खेळण्यातल्या बोटींना उचलत. आणि उतरलं की बोटी लाल तळावर कुशीला पडत होत्या. अगदी फोटोतल्यासारख्या. सुरेश चाळिशीचा माणूस, पण त्याने टाळ्या वाजवल्या. मग खालच्या मजल्यावरच्या रशीदाआपा तक्रार करायला वर आल्या, त्यांच्या छताला ओल आली होती. दारातूनच त्यांची नजर ट्रेवर गेली. "हाय अल्ला, ये क्या है?" म्हणत त्या आत आल्या आणि तासभर हलल्या नाहीत. जाताना तक्रारीचं विसरून गेल्या.

गुरुवारी हॉल गच्च भरला होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी मैथिली आणि तिच्या वर्गातल्या दोन मुली, अनुपमा मागे. मॉडेल सकाळी पिकअपमधून आणलं, पाणी भरलं, मोटर लावली, फंडी पहिल्या फटक्यात चढली. पोरं गोळा झाली, पालक गोळा झाले. केमिस्ट्रीच्या ज्वालामुखीसमोरची गर्दी विरळ होऊन इकडे सरकली, हे अनुपमाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आणि परीक्षक दोन टेबलं पलीकडे असताना भरती मंदावली. चार बोटांची तीन झाली, तिनाची एक, मग नुसती थरथर. बोटी लाल चिखलात पडल्या त्या उठेनात. मोटर आपली फिरतच होती.

"मॅम, इट्स डेड," एक मुलगी कुजबुजली.

वासुदेव सर परीक्षकांबरोबर होते. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, अनुपमाकडे पाहिलं, मग दारातून बाहेरच्या पॅसेजकडे.

मैथिली मात्र खाली वाकली होती. टेबलाखाली फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं. पिकअपच्या हादऱ्यांनी झाळलेला सांधा सुटला होता.

"लीक!" ती ओरडली. "आई, इट्स नॉट डेड! पाणी कमी झालंय! वॉटर, एव्हरीबडी, वॉटर! यल्ला, चला!"

पुढचे काही क्षण कोणाला नीट सांगता येणार नाहीत. अनुपमाने केसांना लावायला पर्समध्ये ठेवलेली गजऱ्याची पिशवी, रुमाल, जे हाताला आलं ते सांध्यावर दाबून धरलं आणि ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसली. मुली कूलरकडे धावल्या. कागदी पेल्यांतून पाणी येऊ लागलं. मग दुसऱ्या शाळांची मुलं धावली, मग एक पंजाबी आजोबा आपली मिनरल वॉटरची बाटली उघडत पुढे आले. मैथिली ट्रेवर वाकून सांगत होती, "मोअर... मोअर... हळू, नाऊ स्लोली..."

अनुपमाला टेबलाखालून काही दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं. आधी शांतता. मग एक "ओह". मग पाणी कड्याला लागल्याचा बारीक चपक असा आवाज. मग "इट्स कमिंग!" आणि पुढच्या श्वासाला अख्खा हॉल त्या फळीच्या तालावर ओरडू लागला, पाणी चढताना "आऽऽ", उतरताना "ओऽऽ", पाचशे मुलांचा एक समुद्रच. ती भिजलेल्या साडीत, हात सांध्यावर दाबून, टेबलाखाली बसून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

टेबलाचं कापड बाजूला झालं. वासुदेव सर ओणवे होऊन आत बघत होते.

"मिसेस गुप्ते, तुम्ही डेप्थने ट्यून केलंत?"

"हो सर."

"ब्यूटिफुल," सर म्हणाले. मग त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि सांध्यावर स्वतःचा पंजा ठेवला. "मी धरतो. यू गो अँड सी युअर ओशन."

पहिलं बक्षीस दुसऱ्या शाळेच्या रोबोटला गेलं, त्यांना दुसरं मिळालं. मैथिली दोन दिवस चिडून होती. पण मॉडेल दोन आठवडे शाळेच्या हॉलमध्येच राहिलं, फिजिक्सच्या वर्गांना सर स्वतः ते दाखवायचे, आणि एका गुरुवारी तय्यब इस्त्रीचा पठाणी घालून शाळेत आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "शवर्मेवाले को बोलूंगा."

तीन वर्षांनी, दोन हजार एकच्या जुलैमध्ये, ती तिघं शोभनाकडे गेली. शोभनाने त्यांना सामान टाकू दिलं आणि थेट गाडीत घातलं. वाटेत सफरचंदाच्या बागा, मातीचे जुने बांध, त्यांच्यामागे समुद्रापेक्षा खाली असलेली हिरवी कुरणं, आणि मग अचानक लाल कडा, ज्याचा रंग अनुपमाने तिखट घालून जमवला होता त्याहून कितीतरी गडद. लाकडी जिना उतरून ती खाली गेली. समोर मैलभर ओला लाल तळ चमकत होता. पाणी कुठेच नव्हतं. ती बूट काढून चालत सुटली. चिखल मऊ आणि बर्फासारखा गार, बोटांच्या फटींतून वर येणारा. हजारो चिमुकले पक्षी एकदम उडाले, वळले, सगळे एका क्षणात पांढरे झाले.

"अनु, फार लांब जाऊ नकोस!" शोभना वरून ओरडली.

ती आणखी लांब गेली. मग तिला ऐकू आलं. कुठूनतरी एक सूं असा सलग आवाज, आणि क्षितिजावर एक पांढरी रेघ. रेघ जाड झाली. चिखलातल्या चरांत पाणी शिरलं, तिच्या घोट्यांपाशी आलं, वळसा घालून तिच्या पुढे पळालं. सुरेश जिन्यावरून हात हलवत होता, मैथिली ओरडत होती, "रन, आई, रन!"

अनुपमा पळू लागली. तिच्याबरोबर, तिच्या दोन्ही बाजूंनी, सबंध फंडी पळत होती. ती जिन्याला पोचली, चार पायऱ्या चढून धापा टाकत मागे वळली, तर मघाशी ती जिथे उभी होती तिथे पाण्यावर ऊन लखलखत होतं. पाणी तिच्या खालच्या पायरीला लागलं. ती एक पायरी वर सरकली. पाणी तिने सोडलेल्या पायरीला लागलं.

"वर ये आता!" सुरेश म्हणाला.

"थांब रे," ती म्हणाली आणि आणखी एक पायरी चढून, परत समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.